‘रफ वही’तले ‘जी-एच’ आले कुठून?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले आणि पुढे तालुक्यातालुक्यांत सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता संध्याकाळी स्पेलिंग घोकणारे मूल नाही असे घर शोधावे लागेल. या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘इंग्रजीत असेच असते, पाठ कर’ एवढेच मिळते. प्रश्न असा की ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे ओळीने आली, तर त्यांचा उच्चार नेमका काय करायचा?

गंमत म्हणजे या चार अक्षरांचे अनेक शब्द आपल्या बोलण्यात शाळेच्या आधीच शिरलेले असतात. मुलांची ‘रफ वही’ असते, परीक्षेचा पेपर ‘टफ’ जातो, सरकारी कचेरीतले काम कोणाच्या तरी ‘थ्रू’ होते. हे शब्द कानाने शिकल्यामुळे त्यांचा कोणालाही त्रास होत नाही. त्रास सुरू होतो तो ते कागदावर पाहिल्यावर, कारण ‘रफ’मध्ये एफ हे अक्षर कुठेच नसते आणि ‘थ्रू’च्या शेवटी लिहिलेले जी आणि एच कोणी उच्चारत नाही.

चार अक्षरे, आठ उच्चार

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. टफ, रफ आणि इनफ या शब्दांत या चार अक्षरांचा उच्चार ‘अफ’ होतो. कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे गुरांची गव्हाण. त्यांत तो ‘ऑफ’ होतो. ‘जरी’ या अर्थाचा दो आणि मळलेल्या पिठाला म्हणतात तो डो, यांत नुसता ‘ओ’ ऐकू येतो. थ्रूमध्ये ‘ऊ’ आहे. झाडाची फांदी म्हणजे बाउ, नांगर म्हणजे प्लाउ आणि दुष्काळ म्हणजे ड्राउट, या तिन्हींत ‘आउ’ आहे. थॉट, बॉट, ब्रॉट यांत लांब ‘ऑ’ आहे. कसून केलेले या अर्थाचा थरो आणि शहराचा विभाग या अर्थाचा बरो, या शब्दांच्या शेवटी अमेरिकन माणूस ‘ओ’ म्हणतो, तर इंग्लंडमधला माणूस अर्धवट गिळलेला ‘अ’ म्हणतो. उचकीला इंग्रजीत हिकप म्हणतात. त्याच्या एका जुन्या स्पेलिंगमध्येही हीच चार अक्षरे आहेत आणि तिथे ती ‘अप’ अशी वाचायची.

म्हणजे उच्चार किमान आठ झाले. लफबरो नावाच्या इंग्लिश गावात तर ही चार अक्षरे दोनदा येतात, एकदा ‘अफ’ म्हणून आणि दुसऱ्यांदा गिळलेल्या ‘अ’साठी. तिथे जन्मलेल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही, पण नकाशावर ते नाव वाचणारा परगावचा माणूस थांबतो.

मूळचा एकच ध्वनी

जी आणि एच ही जोडी सुरुवातीपासून मुकी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तिच्या जागी एक खणखणीत ध्वनी होता. उर्दू बोलणारा माणूस ‘ख़बर’ किंवा ‘ख़ुदा’ म्हणताना घशाजवळ हवा घासून जो नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब देऊन लिहितात तो, ‘ख़’ काढतो, तोच हा ध्वनी. जीभ मागे उचलून, वाट पूर्ण बंद न करता, फटीतून हवा घासत बाहेर सोडली की तो निघतो. अशा घासून निघणाऱ्या ध्वनींना भाषाशास्त्रात घर्षक म्हणतात. इंग्रजीतले एफ आणि एस हेही घर्षकच.

खानदेशी वाचकाला हा ध्वनी परका नाही. आपल्या प्रदेशाच्या नावाची एक व्युत्पत्ती फारुकी राजवटीतल्या ‘खान’ या किताबाकडे जाते आणि फारसीत त्या शब्दाचा आरंभ नुक्त्याच्याच ‘ख़’ने होतो. मराठी तोंडात त्या ‘ख़’चा साधा ‘ख’ झाला. ‘खर्च’, ‘खबर’, ‘खजिना’ यांचेही तसेच झाले. ध्वनी बदलणे ही इतकी सर्रास घडणारी गोष्ट आहे.

जुन्या इंग्रजीत हा ध्वनी नुसत्या एच या अक्षराने लिहीत. ‘टफ’ हा शब्द तेव्हा साधारण ‘तोख़’ असा उच्चारला जाई आणि ‘थ्रू’ हा ‘थुर्ख़’ असा. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढच्या शतकांत फ्रेंच वळणाने शिकलेल्या लेखनिकांच्या हाती लेखणी गेली. फ्रेंचमध्ये हा ध्वनी नव्हता. त्याच्यासाठी आधी ‘योख’ नावाचे एक वेगळेच अक्षर वापरात होते. हळूहळू त्याच्या जागी जी आणि एच यांची जोडी रुळली. ‘ऊ’ या लांब स्वरासाठी ओ आणि यू एकत्र लिहिण्याची पद्धतही याच फ्रेंच वळणाची. म्हणजे आपल्याला छळणाऱ्या चारही अक्षरांवर त्या लेखनिकांची छाप आहे, मात्र त्यांनी ती विचार करून, ऐकू येणाऱ्या ध्वनीला धरूनच लिहिली होती.

हा ध्वनी काही ठिकाणी अजून जिवंत आहे. जर्मन माणूस रात्रीला ‘नाख़्ट’ म्हणतो, स्कॉटलंडमध्ये तलावाला ‘लोख़’ म्हणतात. त्याची नाती आपल्यापर्यंतही पोहोचतात. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे मांडले आणि त्यातून पुढे जो तौलनिक अभ्यास उभा राहिला, त्याने दाखवून दिले की इंग्रजीतला डॉटर आणि संस्कृतातला दुहितृ, एट आणि अष्ट, नाइट आणि नक्त, हलका या अर्थाचा लाइट आणि लघु या जोड्या सख्ख्या आहेत. या चारही इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये जी-एच आहे. आज ते मुके असले तरी त्यांच्या जागी एके काळी बोलले जाणारे व्यंजन होते, याचा हा पुरावा आहे.

ध्वनी गेला, नोंद राहिली

पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास इंग्लंडच्या बऱ्याच भागांत हा ‘ख़’ झिजू लागला. आधी तो नुसत्या श्वासासारखा उरला आणि मग अनेक शब्दांतून पार गेला. नेमक्या याच काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना थाटला. हाताने लिहिणारा लेखनिक आपल्या कानाप्रमाणे स्पेलिंग बदलत असे, पण छापखान्यात एकदा रूढ झालेले रूप शेकडो प्रतींतून फिरू लागले आणि ते बदलणे अवघड झाले.

हे समजायला सातबारा उताऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. आजोबा वारले, जमीन नातू कसतो, विहिरीवरची मोटर त्याची, कापूस त्याचा. पण वारसनोंद कोणी केलीच नाही, म्हणून उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. गावातल्या कोणालाही त्यामुळे घोटाळा होत नाही, कारण वहिवाट कोणाची हे सर्वांना ठाऊक असते. बाहेरगावचा खरेदीदार मात्र कागद पाहून चक्रावतो. इंग्रजी स्पेलिंग हा असा उतारा आहे आणि उच्चार ही वहिवाट. ज्यांची ती मातृभाषा आहे, ते वहिवाट आधी शिकतात आणि कागद नंतर पाहतात. आपल्या मुलांच्या हाती आधी कागद येतो.

मग कुठे ‘फ’ आणि कुठे काहीच नाही, असे का?

या प्रश्नाचे उत्तर तोंडाच्या रचनेत आहे. ‘ओ’ किंवा ‘ऊ’ म्हणून पाहा. ओठांचा चंबू होतो. त्या स्वरापाठोपाठ ‘ख़’ काढला तर हवा घशाशी घासतेच, पण गोल झालेल्या ओठांमुळे तिचा आवाज काहीसा ‘फ’सारखा भासतो. हा शब्द नव्याने ऐकणाऱ्या लहान मुलाने ते घर्षण घशाचे न समजता ओठांचे समजले, तर त्याच्या तोंडी ‘तोख़’चा ‘टफ’ होणार. काही पिढ्यांत हेच घडले. याउलट ‘इ’ आणि ‘ए’ म्हणताना ओठ गोल होत नाहीत, म्हणून त्यांच्यामागून आलेल्या ‘ख़’चा ‘फ’ कधीच झाला नाही. तो थेट नाहीसा झाला. नाइट, लाइट, राइट, हाय, वेट, नेबर यांतल्या एकाही शब्दात ‘फ’ ऐकू येत नाही, याचे कारण हे आहे.

यावर कोणी म्हणेल की ओठ तर बाउ, डो आणि थ्रू म्हणतानाही गोल होतात, तिथे ‘फ’ का झाला नाही? शंका रास्त आहे. बदल सगळ्या इंग्लंडात एकसारखा झाला नाही, एका भागात एका शब्दाचा ‘फ’ झाला तर दुसऱ्या भागात त्याच शब्दातला ध्वनी गळून गेला. लंडन हे व्यापाराचे आणि राजसत्तेचे शहर असल्याने तिथे चहूकडचे लोक येत आणि प्रमाण इंग्रजीने एक उच्चार या भागातून तर दुसरा त्या भागातून उचलला. त्याच्या खुणा अजून सापडतात. ‘इनफ’चेच ‘इनाउ’ असे एक रूप पूर्वी वापरले जाई. ‘डो’ या शब्दाचा उत्तरेकडचा उच्चार ‘डफ’ होता आणि त्या नावाचा एक उकडलेला गोड पदार्थ इंग्लंडात आजही ओळखीचा आहे. थ्रू आणि थरो हे तर मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. पुढे त्यांना वेगवेगळे अर्थ चिकटले.

कॅक्स्टनलाही या विविधतेने हैराण केले होते. १४९० साली छापलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत तो एक किस्सा सांगतो. काही व्यापारी थेम्स नदीवर वाऱ्याची वाट पाहत अडकून पडले. त्यांतल्या एकाने किनाऱ्यावरच्या घरात जाऊन बाईकडे ‘एग्ज’ मागितली. तिने उत्तर दिले की आपल्याला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते. शेवटी दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ हवीत असे म्हटल्यावर तिला कळले की यांना अंडी हवी आहेत. एकाच देशात अंड्याला दोन शब्द. अशा वेळी छापायचे तरी कोणते, असा कॅक्स्टनचा प्रश्न होता.

स्वरांची उलथापालथ

व्यंजनाची गोष्ट इथवर झाली. स्वर तर आणखी दूर गेले. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या सगळ्या लांब स्वरांच्या जागा सरकल्या. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन याने या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असे नाव दिले. आपण तिला मोठी स्वरपालट म्हणू. तिच्याआधी ‘हाउस’ला ‘हूस’ म्हणत आणि ‘टाइम’ हा ‘टीम’सारखा ऐकू येई. याच ओघात ड्राउट, प्लाउ, बाउ यांच्यातल्या ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. टफ, रफ, इनफ यांच्यात ‘फ’ आल्यावर आधीचा स्वर आखूड झाला, म्हणून तो वेगळ्या वाटेने गेला.

शिवाय हे सगळे शब्द मुळात एका स्वराचे नव्हतेच. डो, दो आणि टफ यांचे हजार वर्षांपूर्वीचे स्वर वेगवेगळे होते. लेखनिकांनी आणि मुद्रकांनी त्यांना एकाच चार अक्षरांत कोंबले आणि नंतर प्रत्येकाचा उच्चार आपापल्या रस्त्याने चालत राहिला. ‘एकाच स्पेलिंगचे आठ उच्चार कसे झाले’ असे विचारण्यापेक्षा ‘अनेक उच्चारांना एकच स्पेलिंग कसे मिळाले’ असे विचारले, तर कोडे बरेचसे सुटते.

‘इतिहास ठीक आहे, पण मुलाने परीक्षेत काय करायचे?’

हा आक्षेप पालकांचा आणि तो योग्यच आहे. सहावीतल्या मुलाला नॉर्मन लेखनिकांशी देणेघेणे नाही. परंतु वरच्या माहितीतून पाठांतराचे ओझे बरेच हलके होते आणि माझ्या मते शिकवताना नेमके हेच वगळले जाते.

पहिली गोष्ट, जी-एचच्या आधी आय असेल, तर ते मुके आहेत असे बेधडक समजावे. नाइट, लाइट, फाइट, राइट, टाइट, हाय, साय, एट, वेट, हाइट, नेबर हा सगळा मोठा गट त्याने निकाली निघतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत ‘नाइट ड्यूटी’ म्हणत वाढलेल्या मुलाला तर यातले निम्मे शब्द कानाने आधीच येत असतात.

दुसरी गोष्ट, ओ-यू-जी-एच यांच्यानंतर टी असेल, तर उच्चार ‘ऑट’ करावा. थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट हे सगळे भूतकाळी रूपांचे शब्द आहेत. रोजच्या वापरातला अपवाद एकच, तो म्हणजे ड्राउट, आणि दुष्काळ हा शब्द आपल्याकडच्या मुलांना विसरता येण्यासारखा नाही. बॉट आणि ब्रॉट यांत गोंधळ होतो, त्यावर सोपा उपाय असा की विकत घेणे या अर्थाच्या ‘बाय’मध्ये आर नाही, म्हणून बॉटमध्येही नाही, आणणे या अर्थाच्या ‘ब्रिंग’मध्ये आर आहे, म्हणून तो ब्रॉटमध्येही आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘फ’ उच्चाराचे रोजच्या वापरातले शब्द मोजून पाहिले, तर या चार अक्षरांचे पाचच निघतात: टफ, रफ, इनफ, कॉफ आणि ट्रॉफ. ओ-ऐवजी ए असलेल्या भावंडांत लाफ आणि इंग्लंडच्या पद्धतीने लिहिलेला ड्राफ्ट असे आणखी दोन. एवढे सात शब्द पाठ केले की उरलेल्या ठिकाणी जी-एच सहसा मुके धरून चालावे. हिकपसारखा एखादा विचित्र शब्द सोडून दिला तरी बिघडत नाही, कारण तो आता पी अक्षराने लिहिणेच रूढ आहे.

मग राहतात ते थोडे: दो, ऑल्दो आणि डो यांचा ‘ओ’, थ्रूचा ‘ऊ’, प्लाउ आणि बाउ यांचा ‘आउ’, आणि थरो-बरोची जोडी. हे मात्र कानानेच शिकावे लागतात, त्याला दुसरी वाट नाही. लाफ्टर म्हणजे हसणे आणि त्याच्याआधी एस लावला की स्लॉटर म्हणजे कत्तल, ही जोडी फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवली तर वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही ती विसरत नाही.

‘जुने स्पेलिंग म्हणजे शब्दाचा खरा इतिहास’

स्पेलिंग बदलू नये असे म्हणणाऱ्यांचा हा आवडता युक्तिवाद आहे. तो अर्धा खरा आहे. डॉटरमधल्या जी-एचमुळे दुहितेची आठवण राहते, हे वर आलेच. पण उताऱ्यावर कधी कधी कसलाही हक्क नसलेल्याचे नावही घुसवलेले असते. आनंद या अर्थाचा डिलाइट हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्यात ‘ख़’ कधीच नव्हता. लाइट आणि राइट यांच्या नादाने त्याला सोळाव्या शतकात जी-एच चिकटवले गेले. हिकपच्या जुन्या स्पेलिंगमध्ये ती चार अक्षरे आली, कारण उचकीचा संबंध कॉफशी असावा असा कोणाचा तरी गैरसमज झाला. भूत या अर्थाच्या घोस्टमधला एच हा कॅक्स्टनच्या छापखान्यातून आला. तो बराच काळ आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात राहिला होता आणि तिथल्या फ्लेमिश भाषेत त्या शब्दाला जी-एच लावत. तेव्हा स्पेलिंग हा पुरावा आहे खरा, पण इतर कोणत्याही कागदासारखा तो तपासून घ्यावा लागतो.

‘घोटी’चा उच्चार ‘फिश’ होतो काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक जुना विनोद इथे निकालात काढायला हवा. जी-एच-ओ-टी-आय हे स्पेलिंग ‘फिश’ असे वाचता येते, असा तो विनोद आहे: इनफमधला जी-एच म्हणजे ‘फ’, विमेनमधला ओ म्हणजे ‘इ’ आणि नेशनमधला टी-आय म्हणजे ‘श’. मुंबईकडे जाताना इगतपुरीच्या अलीकडे लागणाऱ्या घोटी स्थानकाचे रोमन स्पेलिंग अगदी हेच आहे आणि तिथे मासा कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

हा विनोद नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवला जातो. प्रत्यक्षात तो १८५५ सालच्या एका पत्रात सापडतो आणि शॉ यांचा जन्म १८५६ चा आहे. त्याहून मोठा दोष असा की तो इंग्रजीच्या नियमांत बसत नाही. जी-एचचा ‘फ’ होतो तो स्वरानंतर. शब्दाच्या आरंभी तो कधीच होत नाही. टी-आयचा ‘श’ होतो तो पुढे आणखी स्वर असेल तेव्हा, शब्दाच्या शेवटी नाही. इंग्रजी स्पेलिंग अवघड आहे, पण या विनोदात दाखवतात तितके बेबंद नाही.

‘मग सरळ सुधारून का टाकत नाहीत?’

प्रयत्न पुष्कळ झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या कोशांतून अनेक स्पेलिंग सोपी केली. नांगराचे डब्ल्यूने संपणारे आणि ड्राफ्टचे एफ असलेले स्पेलिंग अमेरिकेत रूढ झाले. आपण बँकेतून काढतो त्या डिमांड ड्राफ्टवरही हेच साधे रूप असते. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईसाठी तीनशे सोप्या स्पेलिंगचा हुकूम काढला. त्यात दो, थ्रू आणि थरो यांची जी-एच वगळलेली रूपे होती. वृत्तपत्रांनी टिंगल केली, अमेरिकी संसदेने विरोध केला आणि हुकूम त्याच वर्षी गुंडाळावा लागला. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाने १९३४ पासून अशी रूपे छापायला घेतली, तरी १९७५ साली त्यानेही दो आणि थ्रू यांची जुनी स्पेलिंग परत आणली. बर्नार्ड शॉ यांनी मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. ते १९५० साली वारले आणि त्या लिपीत त्यांचे एक नाटक १९६२ साली छापले गेले. त्यापुढे ती लिपी रूढ झाली नाही.

त्याच १९६२ साली आपल्याकडे जे झाले, ते अधिक लक्षणीय आहे. तोवर मराठीत ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’, ‘तें’, ‘केलें’ असे अनुस्वार लिहीत. ते एके काळी नाकातून उच्चारले जात. पुढे घाटावरच्या मराठीत तो उच्चार गेला आणि टिंब तेवढे राहिले. कोकणात चित्पावनी बोलीत तो नाकातला उच्चार अजून ऐकू येतो, जसा स्कॉटलंडमध्ये ‘ख़’ ऐकू येतो. म्हणजे हे अनुच्चारित अनुस्वार हेच मराठीचे जी-एच होते. मराठी साहित्य महामंडळाने नियम केले, शासनाने ते १९६२ साली मान्य केले, पाठ्यपुस्तके त्याप्रमाणे छापली गेली आणि ही टिंबे गेली.

हे आपल्याला जमले, कारण मराठीचा कारभार मुख्यतः एका राज्यात चालतो, शाळा आणि पाठ्यपुस्तके एका शासनाच्या अखत्यारीत आहेत. इंग्रजीला असे एक तलाठी कार्यालयच नाही. फेरफार मंजूर करणार कोण, लंडन की वॉशिंग्टन? आणि उच्चाराप्रमाणे लिहायचे म्हटले तरी कोणाच्या उच्चाराप्रमाणे? थरोचा शेवट अमेरिकेत एक, इंग्लंडात दुसरा. मराठीतही किंमत मोजावी लागली, हे मान्य केले पाहिजे. नपुंसकलिंगी ‘तें’ आणि अनेकवचनी ‘ते’ यांतला लेखी फरक संपला, आणि जुनी पुस्तके उघडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला ती टिंबे छपाईची चूक वाटतात.

‘मराठी तरी लिहितो तशीच बोलतो ना?’

जवळजवळ, पूर्ण नाही. ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च एकाच अक्षराने लिहितो, पण जीभ वेगळ्या ठिकाणी लागते. ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो. श आणि ष यांचा उच्चार वेगळा करणारे लोक बोटांवर मोजण्याइतके. आणि खानदेशात तर याहून ठळक उदाहरण रोज कानावर पडते. अहिराणी आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो: जळगावचे ‘जयगाव’, धुळ्याचे ‘धुये’, डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’. हा बदल आळशी जिभेचा नाही. ‘ख़’चा ‘फ’ झाला तसाच तो नियमाने, शब्दामागून शब्दात झालेला आहे. ज्या मुलाला घरी ‘शाया’ म्हणायची आणि वहीत ‘शाळा’ लिहायची सवय आहे, त्याला लिहिणे आणि बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे इंग्रजीच्या बाईंनी वेगळे शिकवावे लागत नाही. बोलीमुळे मूल इंग्रजीत मागे पडते, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अहिराणीपुढे मात्र हाच प्रश्न आता उभा आहे. कविता, गाणी, यूट्यूबवरचे व्हिडिओ यांमुळे ती पूर्वीपेक्षा अधिक लिहिली जात आहे आणि शब्द कोणत्या रूपात लिहायचा यावर एकमत नाही. मला विचाराल तर ‘डोया’ म्हणतो तसाच लिहावा, मराठीच्या लाजेखातर त्यात न उच्चारलेला ‘ळ’ घालू नये. नाहीतर आपल्याच हाताने आपण नवे जी-एच तयार करू. अडचण एवढीच की शिरपूर, चाळीसगाव आणि नवापूर इथली बोली तंतोतंत एक नाही. जो कोणी अहिराणीचा शालेय शब्दकोश करील, त्याने आपण कोणत्या भागाचा उच्चार प्रमाण धरला आणि का धरला, हे पहिल्या पानावर लिहावे, म्हणजे इतर तालुक्यांतल्या शिक्षकांना आपली रूपे त्याच्या शेजारी मांडता येतील.